तिसरा नंबर कुणाचा?

यादी हातात पडली की माणूस आधी आपले नाव शोधतो, मग आपल्या वर कोण कोण बसले आहे ते मोजतो, आणि ती मोजदाद मनासारखी आली नाही तरच यादी कुणी आणि कशी केली याची चौकशी करतो. डेटाबेस ही चौकशी उलट्या टोकाने सुरू करतो. ‘या लोकांना नंबर दे’ असे त्याला सांगितले की तो आधी विचारतो, कशावरून? पगारावरून, वयावरून, गुणांवरून की आडनावावरून? हाच प्रश्न कचेरीतल्या खिडकीपलीकडून आला असता तर अडवणुकीचा वाटला असता. पण यंत्राच्या मनात काही काळेबेरे नसते. त्याच्या लेखी नंबर माणसाला चिकटलेला नसतोच. तो विचारणाऱ्याच्या प्रश्नातून जन्मतो आणि प्रश्नाबरोबरच नाहीसा होतो. हे मत मला पटते. शाळेत एकदा आलेला पहिला नंबर ज्या समाजात साठीच्या सत्कारापर्यंत पुरवला जातो, तिथे ते जरा मोठ्याने मांडायला हवे असेही वाटते.

या मताचे मूळ १९७० सालात आहे. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी त्या वर्षी एक निबंध प्रसिद्ध केला, आणि माहिती ठेवण्याची जी रीत त्यात सुचवली तिच्यावर आज जगभरचे बँकांचे आणि परीक्षांचे हिशोब चालतात. त्याआधी नोंदी ज्या क्रमाने ठेवल्या असतील त्या क्रमावर प्रोग्रॅम विसंबून असत. कुणी नोंदी हलवल्या की प्रोग्रॅम आडवा होई. हे परावलंबन सोडा, असे कॉड यांचे म्हणणे. टेबल म्हणजे ओळींचा संच, आणि संचाला पहिला नसतो, शेवटचाही नसतो. लग्नपत्रिकेत निमंत्रकांची नावे कोणत्या क्रमाने छापायची यावरून ज्यांच्या घरात तीन पिढ्यांची भाऊबंदकी उकरली जाते, त्यांना ही कल्पना किती क्रांतिकारक आहे ते समजावून सांगावे लागणार नाही. कॉड यांच्या पत्रिकेत सगळे निमंत्रक आहेत आणि वर कुणीच नाही.

पण माणसाची खोड जात नाही. टेबलातल्या ओळी पडद्यावर आल्या की त्या कुठल्या तरी क्रमानेच येणार, आणि दोन-चारदा त्याच क्रमाने आल्या की तो क्रम आपल्याला वडिलोपार्जित वाटू लागतो. ‘ऑर्डर बाय’, म्हणजे कशाच्या क्रमाने, हे न लिहिता चाललेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, अशी वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते आणि एके दिवशी बिथरते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एखादी ओळ दुरुस्त केली की जुनी ओळ खोडून तिथेच नवी लिहिली जात नाही. दुरुस्त ओळीची नवी प्रत जिथे जागा असेल तिथे ठेवली जाते. म्हणजे कुलकर्णींच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारला की कुलकर्णी अनेकदा यादीच्या तळाशी जाऊन बसतात. शुद्धलेखनाची इतकी जबर किंमत शाळेतही कुणी मोजली नसेल. दुसरी गंमत याहून वरची. टेबल खूप मोठे असेल आणि दुसरे कुणी ते आधीच वाचत असेल, तर पोस्टग्रेस नव्या वाचकाला सुरुवातीला नेऊन बसवत नाही. पहिला वाचक जिथे पोचला असेल तिथूनच दोघांना एकत्र पुढे नेतो आणि राहिलेला आरंभ नव्याला शेवटी दाखवतो. डिस्कची फेरी वाचावी म्हणून केलेली ही सोय आहे. ‘ऑर्डर बाय’ नसेल तर यामुळे ओळींचा क्रम अनपेक्षितपणे बदलू शकतो असे त्याच्या माहितीपुस्तकात स्वच्छ लिहिले आहे, पण माहितीपुस्तक वाचून कामाला लागण्याची प्रथा आपल्या धंद्यात नाही.

निकष सांगायचा नाही आणि नंबर मात्र हवा, यासाठी माणसाने लढवलेल्या युक्त्या एका स्वतंत्र ग्रंथाचा विषय होतील. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये नंबर देणारे ‘रो नंबर’ हे फंक्शन निकषाशिवाय चालतच नाही. ‘ऑर्डर बाय’ लिहिलेच पाहिजे अशी सक्ती आहे. त्यावर लोकांनी तोडगा काढला: ‘ऑर्डर बाय’ च्या पुढे कंसात एक छोटी क्वेरी लिहायची, जी ‘नल’ म्हणजे काहीच नाही हे उत्तर देते. कशावरून नंबर लावू? काहीच नाही, यावरून. यंत्राचे समाधान होते, कारण फॉर्मचा रकाना भरलेला आहे. ओरॅकल या डेटाबेसमध्ये ‘रो नम’ नावाचा जुना आकडा आहे. ओळ निवडीत बसली की तिला तो मिळतो, आणि हे सगळे यादी लावण्याच्या आधी घडते. त्यामुळे ‘रो नम दहापर्यंत’ असे म्हणून खाली पगाराचा उतरता क्रम लावला, तर सर्वांत जास्त पगाराचे दहा मिळत नाहीत. सापडले ते दहा मिळतात, नीट उतरत्या क्रमाने बसवलेले. आणि फक्त ‘रो नम बरोबर दोन’ असे मागितले तर कधीच काही मिळत नाही. पहिली आलेली ओळ एक नंबरची म्हणून बाद होते. ती बाद झाल्यामुळे पुढची ओळ पुन्हा एक नंबरची ठरते आणि तीही बाद होते. कोट्यवधी ओळींच्या टेबलात दुसरा कुणीच नाही, हे तर्काने पूर्ण निर्दोष उत्तर आहे.

निकष सांगितला की भांडण मिटायला हवे. प्रत्यक्षात खरे भांडण तिथून सुरू होते, कारण निकषावर दोघे सारखे निघतात. ओरॅकलबरोबर सरावासाठी ‘एम्प’ नावाचे एक टेबल येत असे. चौदा ओळी, चौदा नोकरदार. संगणकाचे क्लास चालवणारे कित्येक संसार या चौदा जणांच्या पगारावर उभे राहिले. अध्यक्ष किंग यांना ५०००. त्यांच्या खाली स्कॉट आणि फोर्ड हे दोन ॲनालिस्ट, दोघांनाही ३०००. त्यांच्या खाली २९७५ वर जोन्स, आणि हे जोन्स त्या दोघांचे साहेब आहेत. हाताखालच्या माणसांपेक्षा पंचवीसने कमी पगार घेणारा साहेब ज्याने सरावाच्या टेबलात घातला, त्याला नोकरीच्या जगाची चांगली जाण असली पाहिजे.

आता मुलाखतीत हमखास विचारला जाणारा प्रश्न: वरून तिसरा पगार कुणाचा? डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेकडे याची तीन उत्तरे आहेत. ‘रो नंबर’ म्हणते, स्कॉट आणि फोर्ड यांच्यापैकी एक दुसरा आणि एक तिसरा. कोण कुठे हे या घटकेला सांगते, उद्याची हमी नाही. ‘रँक’ म्हणते, दोघेही दुसरे, म्हणून तिसरा कुणीच नाही आणि जोन्स चौथे. ‘डेन्स रँक’ म्हणते, दोघे दुसरे आणि जोन्स तिसरे. पगार तेच, माणसे तीच, आणि तिसऱ्या नंबरवर एकदा एक ॲनालिस्ट, एकदा शून्य आणि एकदा साहेब. यातले कुठलेही उत्तर चूक नाही, कारण तिघांनी वेगवेगळे प्रश्न सोडवले आहेत. ‘रँक’ मोजते की तुमच्याहून जास्त मिळवणारी माणसे किती. जोन्स यांच्या बाबतीत तीन, म्हणून ते चौथे. ‘डेन्स रँक’ मोजते की तुमच्याहून वरचे पगार किती. ५००० आणि ३००० असे दोनच, म्हणून जोन्स तिसरे. घरी गेल्यावर जोन्स कोणता आकडा सांगतील हे उघड आहे. ‘रो नंबर’ मात्र असे काहीच मोजत नाही. ते येईल त्याला टोकन देते आणि पुढच्याला बोलावते. आणि माझा आक्षेप नेमका इथे आहे: तिन्हींमध्ये आपले लाडके तेच. बरोबरी आपल्याला सहनच होत नाही. दोन माणसे सारखी आहेत, हे वाक्य सभेत चालते, यादीत नाही.

क्रीडाक्षेत्राने त्या मानाने बरे डोके ठेवले आहे. टोकियो ऑलिंपिकच्या उंच उडीत, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, कतारचा बार्शिम आणि इटलीचा ताम्बेरी दोघेही २.३७ मीटरवर थांबले. तिथपर्यंत दोघांची एकही उडी चुकली नव्हती आणि २.३९ वर दोघांच्याही तिन्ही उड्या चुकल्या. आणखी उड्या मारून निकाल लावता आला असता. दोघांनी सुवर्णपदक वाटून घेतले. बेलारूसचा नेदासेकाव यानेही २.३७ पारच केले होते, पण त्याच्या आधीच्या काही उड्या चुकल्या होत्या, म्हणून त्याला कांस्य. रौप्य त्या दिवशी कुणालाच नाही. एक, एक, तीन: हे शंभर टक्के ‘रँक’ आहे. दोन माणसे पुढे असलेल्याला दुसरा म्हणायचे नाही, इतका साधा प्रामाणिकपणा त्यात आहे.

आपल्या प्रवेशपरीक्षांत हा प्रामाणिकपणा अंगावर येतो. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत २०२० साली दोघांना ७२० पैकी ७२० गुण मिळाले. बरोबरी मोडण्याचे नियम होते: आधी जीवशास्त्राचे गुण, मग रसायनशास्त्राचे, मग चुकलेली उत्तरे कमी कुणाची, आणि शेवटी वय. पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या दोघांचे विषयवार गुण सारखे असणार आणि चुकीचे उत्तर एकाचेही नसणार, हे सांगायला गणिताची पदवी लागत नाही. तेव्हा पहिले तीन नियम शोभेचे ठरले आणि वयाने निकाल लावला: थोरला पहिला, धाकटी दुसरी. सगळ्या भारतातून आलेल्या उत्तरपत्रिका तपासून शेवटी ज्येष्ठत्व लागू करायचे, म्हणजे घरातल्या पंगतीच्या वाढपाचाच नियम. पुढच्या वर्षी वयाची अट गेली आणि २०२१ मध्ये ७२० गुण मिळवणारे तिघेही पहिले आले. मग २०२४ मध्ये सदुसष्ट जण पहिले आले, आणि देशभर गहजब झाला. त्यातले सहा वाया गेलेल्या वेळेच्या भरपाईचे गुण रद्द झाल्यावर कमी झाले. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाला दोन उत्तरे बरोबर धरली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, एकच उत्तर बरोबर ठरले, आणि सुधारित निकालात सतराच पहिले उरले. चव्वेचाळीस जणांचा पहिला नंबर एका प्रश्नात राहत होता. नंबर प्रश्नातून जन्मतो असे वर म्हटले ते मला अलंकार म्हणून म्हणायचे नव्हते.

यावर ठरलेला आक्षेप असा की सदुसष्ट पहिले म्हणजे पोरखेळ, बरोबरी मोडलीच पाहिजे. मला उलट वाटते की त्या निकालात सर्वांत खरे बोलणारी गोष्ट सदुसष्ट हा आकडाच होती. ही परीक्षा वरच्या टोकाला माणसे वेगळी करू शकत नाही, ही बातमी त्याने दिली. तापमापकाचा पारा वरच्या टोकाला चिकटला तर आपण तापमापक बदलतो. चिकटलेल्या पाऱ्यातून जन्मतारखेच्या मदतीने अर्धा अंश काढत नाही. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीत २०२४ साली कला-क्रीडेच्या वाढीव गुणांसह १८७ जणांना शंभर टक्के मिळाले, त्यातले १२३ एकट्या लातूर विभागातले. ‘बोर्डात येण्याची’ यादी मंडळाने आधीच बंद केली होती म्हणून निभावले. नाहीतर लातूर पॅटर्नमधला पहिला आणि एकशे तेविसावा यांच्यात फरक कोणता, हे सांगण्याचे काम कुणाच्या तरी गळ्यात पडले असते, आणि त्याने ते केलेही असते.

बरोबरी टाळण्याचा दुसरा उपाय म्हणजे आकडा लांबवणे. अभियांत्रिकीच्या जेईई मेनमध्ये तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवणारे शेकडा किती, हे पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत काढतात, हेतू हाच की एका आकड्यावर गर्दी होऊ नये. पण प्रत्येक सत्रात पहिल्याचे पर्सेंटाइल शंभरच येणार, कारण तो स्वतःही त्या मोजणीत असतो. सत्रे अनेक, म्हणून शंभरवालेही अनेक, २०२४ साली छपन्न. खाली सात स्थळांपर्यंत चिरफाड आणि माथ्यावर पुन्हा गर्दी. अनेक सत्रांतल्या वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका एका मापावर आणण्याच्या या खटाटोपात आपल्याकडच्या तलाठी भरतीत एका उमेदवाराला २०० पैकी २१४ गुण मिळाल्याचे जाहीर झाले होते. सूत्राप्रमाणे ते बरोबर असू शकते. पण ज्याच्यावरून ‘ऑर्डर बाय’ करायचे तो रकाना माणसाने बनवलेला असतो, हे पटवायला एवढा दाखला पुरे.

सगळे निकष रकान्यात असतातच असेही नाही. पुण्यातल्या मानाच्या पाच गणपतींना कोणत्याही डेटाबेसमध्ये घालून पाहावे. कसबा पहिला, तांबडी जोगेश्वरी दुसरा, गुरुजी तालीम तिसरा, मग तुळशीबाग आणि केसरीवाडा. स्थापनावर्षावरून लावायला जावे तर गुरुजी तालमीचा उत्सव १८८७ पासूनचा सांगतात. तो थेट वर सरकेल आणि लक्ष्मी रस्त्यावर काय होईल ते लिहायची गरज नाही. मूर्तीची उंची, मंडळाची वर्गणी, ढोलांची संख्या, काहीही लावले तरी तो क्रम निघत नाही. त्यासाठी ‘मान’ नावाचा वेगळा रकाना करून त्यात एक ते पाच आकडे हाताने लिहावे लागतात. मला हे आवडते. इथे क्रम परंपरेने ठरला आहे असे उघड सांगितले जाते. तो गुणवत्तेतून टपकला असा आव कुणी आणत नाही.

‘बरोबरी मोडलीच पाहिजे’ या ठरलेल्या आक्षेपाहून व्यवहारी माणसाचा आक्षेप भारी आहे. जागा शंभर, शंभराव्या आकड्यावर सहा जण बरोबरीत. सहांना एका खुर्चीत बसवायचे का? नाही. तिथे बरोबरी मोडावीच लागते. प्रश्न मोडल्यावर काय म्हणायचे याचा आहे. म्हाडाच्या घरांची सोडत संगणकावर निघते आणि हजारो अर्जदारांत घर न मिळालेला माणूस नशिबाला शिव्या देतो, स्वतःला कमी लेखत नाही. चिठ्ठी हा निकष म्हणून बावळट असेल, पण तिने कुणाला नालायक ठरवले नाही. उलट, जन्मतारखेने किंवा अर्जाच्या क्रमांकाने मागे पडलेला मुलगा घरी जाऊन ‘माझा दुसरा नंबर आला’ असे सांगतो आणि त्याचे काका पहिला का नाही आला असे विचारतात. चिठ्ठीला ‘चिठ्ठी’ म्हणावे आणि ‘ऑर्डर बाय’ मध्ये ती लिहून टाकावी, एवढेच मागणे आहे.

प्रोग्रॅमर मंडळींचा आक्षेप असा की सारख्या दोन ओळींत कोण आधी याने कुणाचे काय बिघडते? पुष्कळ बिघडते. यादी पानापानाने दाखवायची असते, पहिल्या पानावर वीस आणि दुसऱ्यावर वीस, आणि दर पानासाठी क्वेरी नव्याने चालते. विसाव्या जागी दोघे बरोबरीत असतील आणि निकष तिथेच संपत असेल, तर पहिल्या पानाच्या वेळी एक वर असतो आणि दुसऱ्या पानाच्या वेळी दुसरा. मग एक माणूस दोन्ही पानांवर दिसतो आणि एक कुठेच दिसत नाही. म्हणून जाणकार निकषाच्या शेवटी एक असा रकाना जोडतात ज्यात दोघे सारखे असूच शकत नाहीत, उदाहरणार्थ कर्मचारी क्रमांक. हे शहाणपणाचे आहे, फक्त त्यातून काय निष्पन्न होते तेही पाहावे. स्कॉटचा क्रमांक ७७८८ आणि फोर्डचा ७९०२, म्हणून स्कॉट आधी. नोकरीत मात्र फोर्ड १९८१ च्या डिसेंबरात लागला आणि स्कॉट त्याच्या नंतर. किती नंतर, यावर त्या टेबलाच्या जुन्या आणि नव्या प्रतींचे एकमत नाही. बाराखडीने लावा, तरी फोर्ड आधी. (हा स्कॉट खराखुरा होता. ओरॅकलच्या सुरुवातीच्या इंजिनिअरांपैकी ब्रूस स्कॉट यांच्या नावाने हे टेबल उघडत असे आणि पासवर्ड होता त्यांच्या घरच्या मांजरीचे नाव, टायगर.) आणखी खाली वॉर्ड आणि मार्टिन दोघेही १२५० वर, पण कमिशन वॉर्डला ५०० आणि मार्टिनला १४००. वॉर्डला ज्येष्ठतेचा रकाना हवासा वाटेल आणि मार्टिनला कमिशनचा, आणि दोघेही त्याला तत्त्वाचा प्रश्न म्हणतील.

राहता राहिला ‘सगळ्यांना खूश ठेवा’ हा आक्षेप, आणि तो या देशात कधीच हलका समजू नये. पोस्टग्रेसकडे त्याचे एक उत्तर आहे. त्याच्याकडे निकष न सांगता ‘रँक’ मागितली तर तो ओरॅकलसारखा ‘चूक’ असा शेरा मारत नाही. फरक करायला काही दिलेलेच नाही तेव्हा सगळे सारखे, असा विचार करून टेबलातल्या एकूण एक ओळींना पहिला नंबर देऊन मोकळा होतो. पण याची जाहिरात करता येत नाही, कारण सगळेच पहिले हे सगळ्यांना दिसते. त्यासाठी ‘पार्टिशन बाय’ बरे. यंत्र आधी गट पाडते आणि प्रत्येक गटात नंबर नव्याने एकपासून सुरू करते. हुद्द्यावरून गट पाडले तर अध्यक्षांच्या गटात किंग एकटेच, म्हणजे त्यांचा पहिला नंबर कुणी हिरावू शकत नाही. विभागात प्रथम, केंद्रात प्रथम, मुलींत प्रथम, सेमी इंग्रजीतून गणितात प्रथम, हे जून महिन्यात चौकाचौकांत झळकणारे फ्लेक्स म्हणजे याच सोयीचा कसलेला वापर. गट जितका बारीक तितके पहिले जास्त. आणि अगदी कुणीच नाराज राहू नये असे वाटत असेल तर गट पाडायला कर्मचारी क्रमांकच द्यावा. ५००० वाले किंग, साहेब जोन्स, भांडणारे वॉर्ड-मार्टिन आणि ८०० वर राबणारा स्मिथ, प्रत्येक जण आपापल्या एकट्याच्या गटात पहिला येतो. ‘रो नंबर’, ‘रँक’ आणि ‘डेन्स रँक’ तिघेही वाद न घालता तेच सांगतात, आणि क्लासवाल्याला फ्लेक्स तेवढा चौदा फोटोंचा छापावा लागतो.